मागच्या पुठ्ठ्यावरचं मत

खळमावशी नऊ वर्षांची असताना तिने आईवडिलांचं एक भांडण ऐकलं. ठरवून नाही ऐकलं. वडील पुस्तकं बांधायचे, घरातली पुढची खोली छापील कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेली, आणि ती गठ्ठ्यांमागे फतकल मारून घड्या घालत बसली होती. गठ्ठे तिच्याहून उंच. मोठ्यांना वाटलं, खोलीत कोणी नाही.

"पोरगी वाचतेय," आई म्हणाली. पोरगी चोरी करतेय, ह्या सुरात.

"वाचू दे की."

"अहो, घड्या घालायला बसवलीय तिला. शाळा सोडवली ती कशासाठी?"

"अगं, एका फर्म्यात सोळा पानं. सोळा पानांनी कोणाचं काय बिघडलंय?"

"बिघडतंय ते मला दिसतंय. काल भांडी विसळताना म्हणते, आई, ती बाई मूर्ख आहे. मी म्हटलं, कोण गं, शेजारीण? तर म्हणे, नाही, पुस्तकातली. मत देते ती, मत! आत्तापासून मतं द्यायला लागली तर पुढे हिचं कोणाशी पटणार?"

वडील शिवत राहिले. दाभणाचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "होती का पण?"

"काय होती का?"

"ती बाई. मूर्ख होती का?"

आईला अक्षरओळख नव्हती. ती जरा थांबली. "पोरीने सांगितलं त्यावरून तर," ती म्हणाली, "ठार मूर्ख होती."

गठ्ठ्यांमागे पोरीने तोंडावर हात दाबून धरला. भांडण पुढे कुठे गेलं ते तिने ऐकलंच नाही. कळायचं ते तिला कळलं होतं. मत बरोबर असलं की आईसुद्धा गप्प बसते.

तिसरी पास एवढंच तिचं शिक्षण. बाकीचं सगळं फर्म्यांवर झालं. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. असे वीसबावीस फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झाली कादंबरी. पण घडी घालायला जो कागद हाताशी येईल तो यायचा. त्यामुळे लग्न आधी आणि ओळख नंतर, मेलेला माणूस पुढच्या फर्म्यात जेवायला बसलेला, अशा कादंबऱ्या तिने लहानपणी वाचल्या. पुढे कधी सरळ वाचायला मिळाल्या तेव्हा तिला त्या जरा अळणीच वाटल्या. "आधीच कळतं हो सगळं," ती म्हणायची, "आपण काय डोकं चालवायचं मग?"

लग्न झालं तेही बाइंडरशीच. चार मुलं झाली. नवरा गेल्यावर गावातल्या लायब्ररीचं मोडक्या पुस्तकांचं काम तिने स्वतःकडे घेतलं आणि तीस वर्षं सोडलं नाही. जिन्याखालची एक खोली, एक खिडकी, एक लांब टेबल, एक लोखंडी दाब, कोपऱ्यात स्टोव्ह. स्टोव्हवर कणकेची खळ शिजायची, खळीत ती थोडा सुतारी सरस घालायची. एप्रनला, केसांना, चष्म्याच्या काड्यांना त्याचाच वास. लहानथोर तिला खळमावशी म्हणायचे ते त्यामुळे, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. चिकटून राहणारी बाई म्हणून कोणी ओळखत असेल, तर ओळखू दे.

आता लायब्ररीत ग्रंथपालाला कळत नाही ते मोडकं पुस्तक शिवणाऱ्याला कळतं. ग्रंथपालाला कळतं, पुस्तक किती जणांनी नेलं. खळमावशीला कळायचं, किती जणांनी वाचलं. पुस्तक उसवलं की पानांच्या कडा मोकळ्या होतात, आणि बोटांचा मळ कुठपर्यंत आहे ते स्वच्छ दिसतं. काही पुस्तकं शेवटपर्यंत सारखी मळकी. काहींची पहिली चाळीस पानं मळकी आणि मग एकदम शेवटची दोन. काहींत मधलीच चार पानं काळीकुट्ट, ती कोणती ते सांगायला नको. एकदा तिने एका पुस्तकात मळाबरोबर पिठाचा हातही पाहिला. कोणीतरी कणीक मळता मळता उठून वाचलं होतं. ते पुस्तक तिने दुहेरी दोऱ्याने शिवलं.

मतं लिहायला सुरुवात झाली ती अशीच. प्रत्येक बांधलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला ती तारखेची नवी चिठ्ठी डकवायची, शिक्के मारायला. एक दिवस चिठ्ठी जरा लांब कापली गेली आणि खाली चार बोटं कागद कोरा राहिला. कागद कोरा ठेवणं तिच्या जिवावर यायचं. तिने पेन घेतलं आणि मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, "खून विसाव्या पानावर. कोणी केला ते मला चाळिसाव्या पानावर कळलं. पोलिसांना तीनशेव्या. पोलिसांनी फर्मे उलटे वाचावेत."

पुढच्या महिन्यात ते पुस्तक नेण्यासाठी लोक नंबर लावायला लागले. मग चिठ्ठ्या लांबच कापल्या जाऊ लागल्या.

"चारशे पानांत ही बाई एकदाही भांडी घासत नाही, तरी दमलेली असते. कशाने?"

"नायक फार कमी बोलतो म्हणून सगळ्या भाळतात. माझा नवराही कमी बोलायचा. त्याला काही सुचायचं नाही."

"रडवतं. पण धक्का देऊन रडवतं, चिमटा काढल्यासारखं. मी रडले, आणि मग राग आला."

"चांगलं आहे. मुकाट्याने वाचा."

शेवटचं मत तीस वर्षांत जेमतेम अकरा पुस्तकांना मिळालं. त्या अकरा पुस्तकांना लायब्ररीत कधी धूळ बसली नाही. लोक काउंटरवर यायचे, पुस्तक उलटं करायचे, आधी मागचा पुठ्ठा वाचायचे. ग्रंथपाल अबोल माणूस, आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही. पण एखादं पुस्तक शिवून, पण मताविना वर आलं तर तो ते स्वतः जिना उतरून तिच्या टेबलावर ठेवायचा आणि खाकरायचा. तेवढंच.

त्या काळात एका लेखकाचा फार बोलबाला होता. सहा महिन्यांनी एक कादंबरी, आणि ती आली की वाचकांची रीघ. पेपरात फोटो, हनुवटीखाली हात. खळमावशीने त्याच्या चौदाही कादंबऱ्या बांधल्या होत्या, म्हणजे वाचल्याही होत्या. त्याच्या सगळ्यांत गाजलेल्या पुस्तकावर तिने लिहिलं:

"शहाण्णव पानांपर्यंत मळकं, पुढे कोरं. लोक नेतात आणि उशाशी ठेवतात. ह्यातली आई सगळ्यांना सगळं माफ करते, एकदाही चिडत नाही. मी चार मुलं वाढवली. असली आई मला कुठे भेटली नाही, आरशातही नाही. लेखकाने आपल्या आईला विचारून लिहावं."

लायब्ररीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा चिटणीसांनी ह्याच लेखकाला बोलावलं. चिटणीस म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले; दुकानात गोळ्या मोजायचे आणि लायब्ररीत माणसं. हॉल भरला. खळमावशी एप्रन काढून मागच्या रांगेत बसली होती. चिटणीसांनी त्याच गाजलेल्या पुस्तकाची लायब्ररीतली प्रत लेखकाच्या हातात दिली, आपल्या आवडीचा एखादा उतारा वाचून दाखवा म्हणून.

लेखकाचा आवाज गोड. त्याने एकशे अठ्ठाविसावं पान काढलं. नायिका बारा वर्षांनी माहेरी आलीय. तिने थरथरत्या हातांनी दार उघडलं आणि, इथे पान संपलं. त्याने समोरचं पान धरलं आणि पुढे वाचलं, "कठड्याला टेकून ती कितीतरी वेळ रडली. खाली काळंभोर पाणी. बोटीचा भोंगा वाजला."

मागच्या रांगेत खळमावशीने मान वर केली. माहेरच्या दारात बोट कुठून आली?

तिला त्याच क्षणी सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वीची सकाळ, टेबलावर ह्याच लेखकाच्या दोन कादंबऱ्या उसवलेल्या, आकार एक, अक्षर एक. फर्म्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो, तो लावून बघायचा: आठ, नऊ, दहा. तिने दोन्ही पुस्तकांत लावून बघितला होता. आठ, नऊ, दहा. बरोबर. पण ह्याचा नऊ त्यात गेला होता आणि त्याचा नऊ ह्यात. पानांचे आकडेही तेच, एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. तीस वर्षांत असली चूक तिच्या हातून झाली नव्हती. ती मान खाली घालून वाट बघत राहिली, की आता कोणीतरी उठेल.

कोणी उठलं नाही. लेखक वाचत होता, भोंगा वाजत होता, पुढच्या रांगेत बायका डोळे टिपत होत्या. चिटणीस मान डोलावत होते. चांगलं दीड पान झालं, तेव्हा लेखकाची जीभ अडखळली. त्याने पान मागे उलटलं, पुढे उलटलं. मग पुस्तक मिटून मागचा पुठ्ठा बघितला, हे बांधलं कोणी म्हणून. आणि तिथे ते मत होतं. त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं, हे मागच्या रांगेतूनही दिसलं.

आभाराचं भाषण त्या दिवशी फार लवकर उरकलं.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा निरोप आला. शनिवारी समितीपुढे यायचं. चूक झाली म्हणून लेखी माफी, आणि लायब्ररीतल्या सगळ्या पुस्तकांवरची मतं आपल्या हाताने काढून टाकायची. नाहीतर एक तारखेपासून काम मशीनवाल्या दुकानाकडे.

घरी सून काळजीत पडली. "आई, लिहून टाका ना दोन ओळी. वाद कशाला ह्या वयात?"

"चुकीची माफी मागणारच आहे मी, सूनबाई. चूक माझीच. ती मागायला मला कोणी बोलवायला नको होतं."

"मग झालं तर."

"ते झालं. मतांचं काय? ती चूक आहे का?"

"चूक नसेल. पण एवढे मोठे लेखक…"

"मोठे आहेत तर त्यांना तीन ओळी सोसवत नाहीत का गं? ते तीनशे पानं बोलणार. मी तीन ओळी बोलायच्या नाहीत?"

सून हसली. मग म्हणाली, "काम गेलं तर दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसाल, त्याची भीती वाटते मला."

"त्याची मलाही वाटते," खळमावशी म्हणाली.

शनिवारी ती दोन्ही पुस्तकं बगलेत मारून वर गेली. मोठं टेबल, सात खुर्च्या, सात माणसं. लेखक पाहुणा म्हणून एका बाजूला. ग्रंथपाल दाराशी उभा. तिला कोणी बस म्हणालं नाही, म्हणून तिने स्वतःच एक स्टूल ओढलं.

"मावशी," चिटणीस म्हणाले, "हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"फर्मे बदलले. नऊ नंबरचे. माझी चूक आहे. साहेब," ती लेखकाकडे वळली, "तुमच्या दोन पुस्तकांची मी वाट लावली. माफ करा. आजच उसवून नीट शिवते, त्याचं काही घेणार नाही."

लेखकाने मान हलवली. त्याला वाटलं, संपलं.

"आणि ती मतं?" चिटणीस म्हणाले.

"ती राहणार."

"राहणार म्हणजे? हा आगाऊपणा झाला. तुमचं काम शिवण्याचं. वाचक काय म्हणतात ते बघायला आम्ही आहोत."

"बरं. मग बघा." तिने पुस्तक उलटं करून तारखेची चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "मी चुकीचं शिवल्यानंतरचे हे शिक्के. मोजा. तेवीस. तेवीस जणांनी पुस्तक नेलं. दारातून बोट निघाली आणि एकाने येऊन विचारलं नाही, की मावशी, हे काय? म्हणजे एकतर तिथपर्यंत कोणी पोचलं नाही, नाहीतर पोचलेल्यांना काही फरक पडला नाही. ह्यातलं कोणतं बरं, ते साहेबांनी ठरवावं. मला काही सांगू नका. मी फक्त मळ कुठपर्यंत आहे ते लिहिलं."

कोणीतरी खोकलं. लेखकाचे कान लाल झाले होते.

"तेवीसच्या तेवीस नाही पण," ती म्हणाली. तिने एकशे एकोणतिसावं पान काढलं. समासात पेन्सिलीने काढलेलं एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं. काल उसवायच्या आधी चाळलं तेव्हा तिला दिसलं होतं. "एक जण जागा होता. त्या एकासाठी मी मतं लिहिते, असं समजा."

दाराशी ग्रंथपाल खाकरला. खळमावशीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या शर्टाच्या खिशात नेहमीची बोटभर पेन्सिल होती. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"हे बघा," चिटणीस चिडले, "तुम्ही काढत नसाल तर आम्ही काढतो." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली, चिठ्ठीच्या कोपऱ्याखाली घातली आणि जोर लावला. चिठ्ठी हलली नाही. आणखी जोर लावला. तेव्हा चिठ्ठीसकट अख्खा मागचा पुठ्ठाच उचकटला, त्याच्यासकट बिजागरीचं कापड आलं, पाठ सुटली, दोरा तुटला, आणि वीस फर्मे चिटणीसांच्या मांडीवरून जमिनीवर घरंगळले. चिटणीसांच्या हातात मागचा पुठ्ठा उरला. त्यावर चिठ्ठी जिथल्या तिथे.

"खळीत सरस आहे," खळमावशी म्हणाली. "आधी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाही."

सातातले तीन जण हसले. त्या तिघांनीही मत मात्र तिच्याविरुद्ध दिलं. काम एक तारखेपासून मशीनवाल्याकडे गेलं. पट्टी घेऊन दुसऱ्या पुस्तकाच्या वाटेला मात्र कोणी गेलं नाही, कारण मागचा पुठ्ठा हवा तर अख्खं पुस्तक द्यावं लागेल, हे सगळ्यांनी बघितलं होतं. खळमावशी गुडघे टेकून खाली बसली आणि फर्मे गोळा केले. आठ, नऊ, दहा. ह्या वेळी आकड्यावर विसंबली नाही. प्रत्येक फर्म्याची पहिली आणि शेवटची ओळ वाचली. दोन्ही पुस्तकं तिने त्याच दिवशी शिवून वर नेऊन दिली.

एक तारखेला ती जिन्याखालची खोली झाडून, स्टोव्ह पुसून किल्ली द्यायला काउंटरवर गेली. किल्ली दिली आणि तिथेच उभी राहिली.

"सभासद व्हायचंय," ती म्हणाली.

तीस वर्षांत ती कधी सभासद नव्हती. ग्रंथपालाने छापील नियमांचा कागद पुढे केला. पाचवा नियम: सभासदांनी पुस्तकात काही लिहू नये. तिने चष्मा पुसून तो वाचला.

"लिहू नये म्हटलंय. वेगळ्या कागदावर लिहून चिकटवू नये, असं कुठे म्हटलंय?"

ग्रंथपालाने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "नाही म्हटलेलं," तो म्हणाला. त्याचं एवढं लांब वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

मग दर मंगळवारी ती यायची. सकाळी सूनबाईच्या गॅसवर वाटीभर खळ शिजायची, सून नाक मुरडायची आणि वाटीवर झाकण ठेवायची. चार बोटं कागद, मोठं वाकडं अक्षर. चिटणीसांनी नियम बदलायचा म्हणून दोनदा बैठक बोलावली, दोन्ही वेळा माणसं पुरी जमली नाहीत. मशीनवाल्याची पुस्तकं देखणी व्हायची आणि सहा महिन्यांत सुटायची. तिची सुटली नाहीत. सभासद मागचा पुठ्ठा आधी बघायचे ते बघतच राहिले. अशी सात वर्षं गेली.

त्या लेखकाने मधल्या काळात तीन वर्षं काहीच लिहिलं नाही. मग एक कादंबरी आली, पहिल्यांपेक्षा बारीक. खळमावशीने नंबर लावला तेव्हा पुढे एकेचाळीस जण होते. कोणी तिला आधी देऊ केलं तर ती म्हणायची, "नको. मला मळलेलं हवंय." पुस्तक हातात आलं तेव्हा तिने आधी कडा बघितल्या. आठवडाभर वाचलं. त्या आठवड्यात सूनबाईशी ती फारशी बोलली नाही, आणि सूनबाईला ते चुकल्यासारखं वाटलं.

मंगळवारी तिने नेहमीसारखी खळ शिजवली, चिठ्ठी डकवली, पुस्तकावर पाटा ठेवून दाबली. छातीत जरा भरून आल्यासारखं होत होतं, ते तिने कालच्या जेवणावर ढकललं. "रिक्षाने जा हो आई," सून म्हणाली. "पुस्तकाला काय घाई आहे," म्हणत ती चालत निघाली. औषधाच्या दुकानावरून गेली. चिटणीसांनी काउंटरमागून वर बघितलं, तिने मान हलवली, त्यांनी गोळ्या मोजायला घेतल्या. लायब्ररीच्या जिन्यावर नेहमीच्या जागी एकदा थांबली, मग वर चढली. हा तिचा शेवटचा फेरा होता. पण तसं काही तिच्या चालण्यात दिसलं नाही.

ग्रंथपालाने पुस्तक घेतलं, शिक्का मारला आणि खाली वाचलं:

"शेवटपर्यंत मळकं आहे. एकशे चाळिसाव्या पानावर आई चिडते, ताट आपटते, आणि दोन दिवस कोणाशी बोलत नाही. बरोबर चिडते. शेवट मात्र गोड केलाय, त्याची गरज नव्हती. अजून शिकायला जागा आहे. पुढचं लिहा, वाचेन."

तो खाकरला. पुस्तक फडताळात न ठेवता त्याने ते काउंटरवर ठेवलं, मागचा पुठ्ठा वर करून.

"पुढचं द्या," खळमावशी म्हणाली. "जाड द्या एखादं. आणि मळलेलं."